जलाधारित बहुवारिक पायस

जलाधारित बहुवारिक पायस म्हणजे बहुवारिकाचे (पॉलिमरचे) अतिसूक्ष्म कण पाण्यात स्थिरपणे विखुरलेले असतात असा दुधासारखा पांढरा द्रव होय. बाजारात तो ‘इमल्शन’ किंवा ‘लॅटेक्स’ या नावांनी ओळखला जातो. भिंतींचे रंग, लाकूडकामातील पांढरा गोंद, फरशी चिकटवण्याची मिश्रणे, गच्चीवरील जलरोधक लेप आणि दुरुस्तीचा गिलावा या सर्वांमध्ये तो बंधक म्हणून वापरतात. पूर्वी हे काम जवसाचे तेल, अल्किड रेझिन, सरस किंवा चुना करीत असे. तैलरंगात बंधक पातळ करण्यासाठी ज्वलनशील विद्रावक लागतो, तर पायसात तेच काम पाणी करते. या एका बदलामुळे रंगाऱ्याचे आरोग्य, इमारतीतील हवा, आगीचा धोका आणि सिमेंटवरील लेपाचे आयुष्य या चारही बाबींत मोठा फरक पडला.

संज्ञा

रसायनशास्त्राच्या काटेकोर भाषेत एका द्रवाचे थेंब दुसऱ्या द्रवात तरंगत असतील तरच त्यास पायस म्हणतात. दूध हे त्याचे घरोघरचे उदाहरण. रंगातील बहुवारिकाचे कण मात्र घन किंवा अर्धघन असतात. त्यामुळे हा पदार्थ वस्तुतः एक कलिल आहे. ज्या प्रक्रियेने तो बनतो तिच्या सुरुवातीला एकवारिकाचे द्रवरूप थेंब पाण्यात असतात, म्हणून तिला पायस-बहुवारिकीकरण म्हणतात आणि तेच नाव तयार मालालाही चिकटले. निसर्गात याचे जवळचे उदाहरण म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यात रबराचे कण पाण्यात विखुरलेले असतात आणि पाणी उडून गेले की मागे चिवट पापुद्रा राहतो.

इतिहास

पाण्यात कालवून लावायचे रंग जुनेच आहेत. चुन्याची सफेदी, सरस घातलेला डिस्टेंपर, दुधातील केसिनपासून केलेला रंग हे सारे पाण्याचेच. त्यांचा दोष असा की हात लावला की पूड निघते आणि ओल्या फडक्याने भिंत पुसता येत नाही. अमेरिकेत १९४१ मध्ये शेरविन-विल्यम्स कंपनीने ‘केम-टोन’ हा रंग बाजारात आणला. त्यात तेल आणि केसिन यांचे पाण्यातील पायस होते. घरमालकाने स्वतःच लावावा असा हा रंग लोकप्रिय झाला, परंतु त्यातील बंधक अजून पारंपरिकच होता.

कृत्रिम बहुवारिकाच्या पायसाला खरी चालना युद्धाने दिली. जर्मनीत १९३०च्या दशकात स्टायरीन व ब्यूटाडाइन यांपासून ‘बुना-एस’ हे कृत्रिम रबर बनू लागले होते. १९४२ मध्ये आग्नेय आशियातील रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेने याच दोन एकवारिकांपासून पायस-पद्धतीने रबर बनवण्याचे कारखाने प्रचंड वेगाने उभारले. या प्रक्रियेचे शास्त्रही त्याच प्रयत्नांतून उलगडले. हार्किन्स यांनी १९४७ मध्ये आणि स्मिथ व एवार्ट यांनी १९४८ मध्ये मांडलेले सिद्धांत आजही विद्यार्थ्यांना शिकवले जातात. युद्ध संपल्यावर स्टायरीन-ब्यूटाडाइन पायसाला नवे गिऱ्हाईक हवे होते. ते रंगाच्या रूपाने मिळाले. ग्लिडन कंपनीचा ‘स्प्रेड सॅटिन’ (१९४८) हा या प्रकारचा आद्य भिंतरंग मानला जातो. मात्र या बहुवारिकातील उरलेल्या दुहेरी बंधांमुळे तो उन्हात पिवळा पडे व ठिसूळ होई. १९५३ मध्ये रोहम अँड हास कंपनीने पूर्णतः अ‍ॅक्रिलिक पायस उपलब्ध करून दिले आणि पायसरंग घराबाहेरच्या भिंतीवर टिकू लागला.

पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेटचा शोध त्याआधीचा, जर्मन रसायनज्ञ फ्रिट्झ क्लाटे यांचा (१९१२). त्याचे पायस पांढऱ्या गोंदाच्या रूपाने जगभर पसरले. मुंबईत १९५९ मध्ये आलेले ‘फेव्हिकॉल’ हे याच जातीचे. त्यापूर्वी सुतार जनावरांची हाडे व कातडी यांपासून केलेला सरस तापवून वापरीत. तो पावसाळ्यात नरम पडे आणि त्याचा वास सहन करणे हा कामाचा भागच असे.

सिमेंटमध्ये चीक मिसळण्याची कल्पनाही जुनी आहे. नैसर्गिक रबराचा चीक व सिमेंट यांच्या मिश्रणावरील पहिले पेटंट १९२३ मध्ये क्रेसन यांना मिळाले. १९५७ मध्ये जर्मनीतील व्हाकर कंपनीने पायस फवारून वाळवलेली व पाण्यात पुन्हा कालवता येणारी पूड तयार केली. आज फरशीच्या चिकटमिश्रणाच्या पिशवीत सिमेंट, वाळू आणि बहुवारिक एकत्र भरून मिळते, ते या पुडीमुळेच.

निर्मिती

पाणी, पृष्ठक्रियाकारक (साबणासारखा पदार्थ), आरंभक आणि एकवारिक हे चार मुख्य घटक होत. आरंभक म्हणून बहुधा अमोनियम किंवा पोटॅशियम परसल्फेट घेतात. ते साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाला विघटित होऊन अभिक्रिया सुरू करते. अभिक्रियेत बरीच उष्णता बाहेर पडते, म्हणून एकवारिक एकदम न ओतता काही तासांत थोडेथोडे सोडतात. भोवतीचे पाणी ही उष्णता शोषून घेते, हा या पद्धतीचा मोठा सोयीचा भाग आहे.

तयार पायसात घनभाग साधारणतः ४० ते ६० टक्के असतो आणि कणांचा व्यास बहुधा ५० ते ५०० नॅनोमीटर. व्यास १०० नॅनोमीटर धरला तर निम्मा घनभाग असलेल्या एका मिलिलिटर पायसात कणांची संख्या १ वर १५ शून्ये इतकी, म्हणजे दहा कोटी कोटींच्या घरात जाते.

कणांपासून लेप कसा बनतो

तैलरंग हवेतील ऑक्सिजन घेऊन रासायनिक रीत्या कठीण होतो. पायसरंगात तसे काही घडावे लागत नाही. पाणी उडू लागले की कण एकमेकांजवळ येतात आणि संत्र्यांच्या राशीप्रमाणे दाटीने रचले जातात. अशा रचनेत कणांनी सुमारे ७४ टक्के जागा व्यापलेली असते. उरलेल्या फटींतील पाणी निघून जाताना केशाकर्षणाचा जोर कणांना दाबतो आणि गोल कण चपटे होऊन फटी बुजतात. शेवटी शेजारच्या कणांतील लांब रेणूशृंखला एकमेकांत शिरतात. बुंदीचा लाडू वळण्याशी या क्रियेची तुलना करता येईल, परंतु लाडवात बुंदी वेगळी दिसतच राहते. येथे कणांच्या सीमा पुसल्या जातात. या तिसऱ्या टप्प्याला वेळ लागतो. म्हणूनच अर्ध्या तासात हाताला कोरडी लागणारी भिंत घासून धुण्याजोगी होण्यास काही दिवस, कधी दोन ते चार आठवडे द्यावे लागतात. ही गोष्ट घरमालकांना फारशी सांगितली जात नाही आणि मग नव्या रंगाला पहिल्याच आठवड्यात फडके लागून डाग पडतो.

कण दाबले जाण्यासाठी पुरेसे मऊ असले पाहिजेत. ते बहुवारिकाच्या काचाभ संक्रमण तापमानावर अवलंबून असते. पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट सुमारे १०५ अंशांपर्यंत काचेसारखे कडक असते, तर पॉलिब्यूटिल अ‍ॅक्रिलेट उणे ५० अंशांच्या खालीच कडक होते. दोन्ही एकवारिके योग्य प्रमाणात एकत्र घेतली की हवा तसा मऊपणा साधतो. मात्र येथे एक पेच आहे. मऊ बहुवारिकाचा लेप सहज बनतो, पण तो चिकटसर राहून धूळ धरतो. कडक बहुवारिक स्वच्छ राहते, पण नेहमीच्या तापमानाला एकजीव होत नाही. यावरचा जुना उपाय म्हणजे कणांना तात्पुरते मऊ करून नंतर सावकाश उडून जाणारा एखादा विद्रावक थोड्या प्रमाणात घालणे. अलीकडे कणाचा गाभा कडक व कवच मऊ ठेवूनही हाच परिणाम साधतात.

फायदे

आरोग्य व हवा. नेहमीच्या अल्किड इनॅमलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३०० ते ४५० ग्रॅम उडून जाणारे कार्बनी संयुग असते. हा सारा भाग खोलीच्या हवेत आणि तेथून बाहेरच्या वातावरणात जातो. बाहेर सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग होऊन त्यापासून ओझोनयुक्त धूरके तयार होते. लॉस एंजेलिस परिसरात १९६६ मध्ये विद्रावकांवर जे निर्बंध (‘नियम ६६’) आले त्यामागे हेच कारण होते. बंद खोलीत दिवसचे दिवस काम करणाऱ्या रंगाऱ्याचे नुकसान अधिक थेट असते. विद्रावकांच्या दीर्घ संपर्कामुळे होणारे स्मृतिभ्रंश, एकाग्रता नष्ट होणे, चिडचिड हे विकार १९७०च्या दशकात स्कँडिनेव्हियातील अभ्यासांतून पुढे आले आणि ते ‘रंगाऱ्यांचा आजार’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये रंगाऱ्याच्या व्यवसायातील संपर्काचा समावेश कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात केला. जलाधारित रंगांचा पुरस्कार करताना भिंतीच्या तुकतुकीची चर्चा जितकी होते तितकी या माणसाची होत नाही.

युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशानुसार १ जानेवारी २०१० पासून घरातील मॅट भिंतरंगात अशा संयुगांची मर्यादा लिटरला ३० ग्रॅम आहे. विद्रावकाधारित रंगाला ही मर्यादा पाळणे जवळजवळ अशक्य असल्याने या प्रकारात पायसरंगच उरले. अर्थात ‘जलाधारित’ म्हणजे ‘विद्रावकविरहित’ असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. युरोपीय व्याख्येत २५० अंशांपर्यंत उत्कलनबिंदू असलेली संयुगेच मोजली जातात. पायसरंगातील काही मंद विद्रावकांचा उत्कलनबिंदू त्याच्या जरासा वर असतो, त्यामुळे ते हिशेबात येत नाहीत, पण कित्येक आठवडे हवेत येतच राहतात. रंगाला वास नाही याचा अर्थ त्यातून काही बाहेर पडत नाही असाही नव्हे. रंगकामानंतर खिडक्या उघड्या ठेवणे दोन्ही प्रकारांत आवश्यक आहे.

आग. टर्पेंटाइन व थिनर यांची साठवण, वाहतूक आणि बंद खोलीतील वापर हे कायम जोखमीचे काम राहिले आहे. पायसाच्या डब्याला आग लागत नाही. ब्रश, रोलर व हात पाण्याने धुता येतात.

सिमेंटशी जुळणारे गुण. बांधकामाच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा फायदा म्हणता येईल. ताज्या सिमेंट गिलाव्यातील पाण्याचा पीएच १२.५ च्या वर असतो. अल्किड रेझिन हे वस्तुतः तेलाम्लांचे एस्टर असल्याने अशा क्षारीय भिंतीवर त्याचे साबणीकरण होते, म्हणजे भिंतीवरच साबण बनतो. रंग चिकट होतो, मग फुगतो आणि त्याचे पोपडे निघतात. अ‍ॅक्रिलिक बहुवारिकाची मुख्य शृंखला कार्बन-कार्बन बंधांची असते आणि तिच्यावरील एस्टर गट क्षाराला सहजी दाद देत नाहीत. शिवाय अ‍ॅक्रिलिक लेपातून पाण्याची वाफ काही प्रमाणात आरपार जाऊ शकते. त्यामुळे गिलाव्यात उरलेली ओल रंगाला न उचलता बाहेर पडते.

पाण्यासारखा पातळ, तरी चिवट. विद्रावकात विरघळलेल्या बहुवारिकाचा रेणुभार वाढला की द्रावणाची श्यानता झपाट्याने वाढते आणि ते ब्रशने लावता येत नाही. म्हणून विद्रावकाधारित रंगात तुलनेने लहान रेणूंवर समाधान मानावे लागते. पायसात लांब रेणू कणांच्या आत बंदिस्त असतात. द्रवाची श्यानता त्यांच्या लांबीवर अवलंबून राहत नाही. त्यामुळे दहा लाखांच्या घरातील रेणुभाराचे बहुवारिकही सहज ओतता येते. लेपाची लवचिकता व भेगा न पडण्याचा गुण येथून येतो.

याखेरीज पायसरंगाचा दुसरा हात साधारण चार तासांनी देता येतो, इनॅमलला रात्रभर थांबावे लागते. आणि अंधाऱ्या खोलीतही अ‍ॅक्रिलिक रंग अल्किडप्रमाणे पिवळा पडत नाही.

बांधकाम साहित्यातील उपयोग

साधा सिमेंट गिलावा दाबाला मजबूत, पण ताणाला दुबळा असतो. जुन्या काँक्रीटवर पातळ थर दिला तर तो सुटून येतो. मिश्रणात स्टायरीन-ब्यूटाडाइन किंवा अ‍ॅक्रिलिक पायस घातल्यास सिमेंट पाणी ओढून घेत असतानाच कण एकत्र येऊन सिमेंटच्या स्फटिकांमधून बहुवारिकाचे जाळे तयार होते. ते सूक्ष्म भेगांवर पूल बांधल्यासारखे पसरते. परिणामी चिकटण्याची, वाकण्याची व ताण सोसण्याची ताकद वाढते आणि पाणी व क्लोराइड आत शिरणे कमी होते. दाबाची ताकद मात्र तितकीशी वाढत नाही. अमेरिकेत पुलांच्या पृष्ठभागावर असे थर १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दिले जात आहेत.

प्रमाण सिमेंटच्या वजनावर ठरते. बहुवारिकाचा घनभाग सिमेंटच्या १० टक्के धरला, तर ५० किलोच्या एका पोत्याला ५ किलो घनभाग, म्हणजे ५० टक्के घनभाग असलेले पायस १० किलो लागते. त्या १० किलोत ५ लिटर पाणी आधीच असते आणि ते कालवण्याच्या पाण्यातून वजा करावे लागते. हे वजा करणे विसरले गेले की मिश्रण सैल होते आणि दोष पायसावर येतो. दुसरी चूक त्याहून अधिक आढळते. नेहमीच्या गिलाव्यावर सात दिवस पाणी मारण्याची सवय गवंड्याच्या हाताला असते व ती योग्यच आहे. परंतु पायसमिश्रित गिलावा पहिले एक-दोन दिवस ओला ठेवून नंतर कोरडा होऊ द्यावा लागतो. सतत पाणी मारल्यास कण एकत्र येऊन जाळे बनत नाही आणि महागडे पायस वाया जाते.

फरशी चिकटवण्याच्या कामात बहुवारिकाची गरज विट्रिफाइड टाइलमुळे वाढली. जुन्या शहाबादी फरशीची किंवा सच्छिद्र टाइलची पाठ सिमेंटची रबडी शोषून घेते व पकड बसते. विट्रिफाइड टाइल वजनाच्या ०.५ टक्क्यांहून जास्त पाणी शोषत नाही. तिच्या गुळगुळीत पाठीवर नुसते सिमेंट टिकत नाही. तेथे व्हिनिल अ‍ॅसिटेट-एथिलीन बहुवारिकाची पूड घातलेले मिश्रण वापरतात.

गच्चीसाठी मुंबई-पुण्याकडे विटांच्या तुकड्यांचा कोबा ही रूढ पद्धत आहे. त्यावर किंवा त्याऐवजी अ‍ॅक्रिलिक पायस व सिमेंट यांचा ब्रशने लावायचा लेप देतात. तो वजनाला हलका असतो आणि बारीक भेगांबरोबर ताणला जातो. मात्र गच्चीला उतार नसेल व पाणी दिवसेंदिवस साचून राहत असेल, तर अ‍ॅक्रिलिक लेप पाणी शोषून नरम पडतो. अशा ठिकाणी आधी उतार दुरुस्त करणे हाच उपाय होय.

मर्यादा

सर्व पायसे सारखी नसतात, ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी लागते. पॉलिव्हिनिल अ‍ॅसिटेट स्वस्त आहे व कोरड्या जागी उत्तम चिकटते. पण ओल्या सिमेंटच्या क्षारीयतेत त्याचे विघटन होऊन पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनिल अल्कोहोल बनते. न्हाणीघरात किंवा बाहेरच्या भिंतीवर पांढरा गोंद सिमेंटमध्ये कालवून केलेली दुरुस्ती पहिल्या काही पावसाळ्यांतच सुटते, त्याचे कारण हे आहे.

पाण्याचे बाष्पीभवन हवेतील आर्द्रतेवर अवलंबून असते. टर्पेंटाइनचे तसे नाही. कोकणात व गोव्यात जुलैमध्ये आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असताना पायसरंग रेंगाळत वाळतो, आणि वाळण्यापूर्वी पाऊस लागला तर ओघळून जातो. अर्धवट वाळलेल्या लेपावर दव पडल्यास आतील पृष्ठक्रियाकारक पृष्ठभागावर येऊन गोगलगायीच्या मागासारखे चकाकते ओघळ दिसतात. थंड प्रदेशात उलट अडचण येते: डब्यातील पाणी गोठले की कण एकमेकांना चिकटून पायस कायमचे फाटते.

उघड्या लोखंडावर साधा पायसरंग लावल्यास वाळतानाच तांबेरा उमटतो. म्हणून त्यास गंजरोधक अस्तर हवे. इनॅमलची आरशासारखी चमक व सपाटी पायसात आणणे अजूनही कठीण आहे. दारे-खिडक्यांवर तैलरंग टिकून राहिला याचे हे एक कारण.

ओल रंगाने बरी होत नाही. जमिनीतून चढणाऱ्या ओलीमुळे भिंतीला लोणा लागला असेल, तर कोणत्याही रंगाखाली क्षारांचे स्फटिक वाढून तो ढकलला जातो. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्यांच्या व जांभ्या दगडाच्या घरांच्या भिंती वाफ मोकळेपणाने बाहेर टाकतात. त्यांवर अ‍ॅक्रिलिकचे जाड थर चढवल्यास ओल आतच कोंडते. अशा इमारतींसाठी चुन्याची सफेदीच अधिक योग्य.

पाणी असल्यामुळे पायसात जिवाणू वाढतात व डबा नासतो. ते टाळण्यासाठी घातली जाणारी आयसोथायाझोलिनोन वर्गातील परिरक्षके काही जणांच्या त्वचेला अधिहर्षता (अ‍ॅलर्जी) निर्माण करतात.

भारतातील मानके व शिक्षण

भारतीय मानक आयएस १५४८९ हे प्लॅस्टिक इमल्शन रंगासाठी आणि आयएस १५४७७ हे टाइलच्या चिकटमिश्रणासाठी आहे. बोलीभाषेतील ‘प्लॅस्टिक पेंट’ हे नाव पहिल्याशी जुळते. ‘ऑइल बाउंड डिस्टेंपर’ हासुद्धा पाण्यात कालवण्याचाच रंग असून त्यातील बंधक तेल किंवा अल्किड यांचे पायस असते. धुण्याच्या बाबतीत तो अ‍ॅक्रिलिकच्या खालचा. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे केंद्र सरकारचे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. तैलरंग लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगे घालण्याची प्रथा होती. पायसरंगाला अशा शोषकाची मुळातच गरज नसते. रंगतंत्राचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण मुंबईतील माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९३३, मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून) मिळते.

हाताळणी

पायसरंग उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणापेक्षा अधिक पातळ करू नये. जास्त पाण्याने भिंत जास्त रंगते असे भासते, पण तेवढ्याच बंधकावर मोठे क्षेत्र पसरल्याने लेप पातळ पडतो आणि पूड सुटू लागते. नवा सिमेंट गिलावा किमान चार आठवडे वाळू द्यावा. जुना गुळगुळीत तैलरंग असल्यास तो पॉलिशपेपरने घासून अस्तराचा हात दिल्याशिवाय त्यावर पायसरंग धरत नाही. ब्रश धुतलेले पाणी पांढरे व निरुपद्रवी दिसले, तरी त्यात प्लॅस्टिकचेच सूक्ष्म कण असतात. ते विहीर, ओढा किंवा पावसाच्या गटारात न सोडता बादलीत साठवून गाळ बसू द्यावा आणि वाळलेला गाळ घनकचऱ्यात टाकावा.